ओंडक्यापलीकडे

"केप काढलीस?" दोरिव्हालने मागे न बघताच विचारलं.

"काढलीय, कोंपाद्रे."

"डबीत आहे?"

जेझुइनोने गळ्यातली टिनाची डबी खुळखुळवून दाखवली. दोरिव्हाल पुढे चालू लागला. अजून उजाडतच होतं आणि पानांवरचं पाणी टपटप खांद्यावर पडत होतं.

ठासणीची बंदूक भरून खुशाल न्यावी. दारू ठासावी, छर्रे ठासावे, पण बार पेटवणारी तांब्याची ती इवलीशी केप डबीतच ठेवावी. समोर जनावर दिसलं की मगच ती घोड्याखालच्या बारीक नळीवर बसवायची. दोरिव्हालचा धाकटा भाऊ केप बसवून चालत होता. वेल घोड्यात अडकली आणि बार त्याच्याच पोटात गेला. त्याला खांद्यावर टाकून जेझुइनोनेच घरी आणलं होतं. त्या दिवसापासून दोघांनी कधी केप बसवून पाऊल टाकलं नाही.

तोच हा जेझुइनो. दोरिव्हालच्या लेकीचा धर्मबाप, म्हणूनच दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. वीस वर्षं दोघांनी शेजारशेजारच्या वाटांवर रबराचा चीक काढला होता. आणि तोच परवा मॅनेजरच्या ओसरीवर बसून कॉफी पीत होता! हा मॅनेजर अख्खं जंगल तोडून तिथे गुरं चारणार होता. करवती घेऊन माणसं आली, तेव्हा त्यांच्यापुढे बायकापोरांसकट सगळ्यांना उभं करणारा दोरिव्हाल त्याच्या डोळ्यांत खुपत होता. ओसरीवर कुणी परका माणूसही बसला होता, मांडीवरची नवीकोरी बंदूक फडक्याने पुसत. दोरिव्हालने हे सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या रात्री त्याला घास गेला नाही.

आणि आज पहाटे हाच जेझुइनो दारात हजर!

"आज तळ्याकडे नको जाऊस," तो म्हणाला होता.

"का? तळं पण विकलंस का?"

"मग मी येतो बरोबर."

"ये की. तुला कोण अडवतंय?"

दोरिव्हालची बायको झुल्मिरा चुलीपाशी होती. तिने दोघांनाही कसाव्याच्या पिठाची पुरचुंडी बांधून दिली. "भांडू नका रे," एवढंच म्हणाली.

आता वाटेवर जेझुइनो मागून चालत होता. सारखा थांबत होता, इकडेतिकडे बघत होता.

"कोंपाद्रे," शेवटी तो कुजबुजला, "त्या कॉफीचं तुला सांगायचंय."

"सांग ना. साखर कमी होती का?"

"थट्टा नको. इथे नको बोलायला. ओंडका ओलांडू दे, मग सांगतो."

ओंडक्यापलीकडची वाट खोलगट होती. तिथे बार झाला तरी वस्तीवर ऐकू जात नसे.

ओंडका आला. छातीएवढा उंच, शेवाळलेला, वाटेवर आडवा पडलेला. इथली रीत ठरलेली होती. एकाने मोकळ्या हातांनी आधी पलीकडे जायचं, दुसऱ्याने दोन्ही बंदुका दस्त्याकडून द्यायच्या, नळ्या आभाळाकडे, आणि मग स्वतः चढायचं. दोरिव्हाल आधी गेला. चढताना त्याची पाठ थंडगार पडली होती. काही झालं नाही. जेझुइनोने नेहमीसारख्या दोन्ही बंदुका त्याच्या हातात दिल्या, क्षणभरही न अडखळता.

जेझुइनोच्या बंदुकीचा घोडा अर्धा चढलेला होता. त्याखाली तांबं चकाकत होतं.

खोटं बोलला होता तो.

वीस वर्षं! भावाच्या रक्ताने भिजलेला याचाच सदरा झुल्मिराने नदीवर धुतला होता. लेकीच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडताना यानेच तिला हातांवर धरलं होतं. किती पैसे दिले असतील त्याला? विचारावं असंही वाटेना. जेझुइनो शेवाळावरून घसरत, शिव्या देत चढत होता, तेवढ्यात दोरिव्हालने अंगठ्याने घोडा सावरला, नखाने केप काढून मुठीत दाबली आणि घोडा पुन्हा होता तसा ठेवला.

"ही घे तुझी," तो म्हणाला.

जेझुइनोने बंदूक घेतली. त्याने घोड्याकडे पाहिलंही नाही.

"मी पुढे होतो, कोंपाद्रे," तो म्हणाला. "तू माझ्या मागे राहा."

"नको. मीच पुढे जातो."

दोरिव्हाल मुद्दाम पाठ करून चालू लागला. मार, बघू तुझ्या हातून होतं का, असं मनात म्हणत होता. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि समोरची वाट धड दिसत नव्हती. सगळं लक्ष मागे होतं. दहा पावलं झाली. बारा झाली.

मागे घोडा पूर्ण चढल्याचा खट्ट आवाज झाला.

दोरिव्हाल गर्रकन वळला. जेझुइनोची बंदूक थेट त्याच्याकडे रोखलेली होती.

"खाली बस!" जेझुइनो ओरडला.

"गुडघे टेकून मरू? तुझ्यापुढे?"

जेझुइनोने चाप ओढला. घोडा पडला. नुसतं टिक् झालं.

दोरिव्हाल हसला, रडवेला हसला, आणि त्याने मूठ उघडली. तळहातावर केप होती. "हीच शोधतोयस ना, कोंपाद्रे?"

जेझुइनोने केपेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काय केलंस हे," तो म्हणाला, आणि त्याची नजर पुन्हा तिथेच गेली जिथे ती मघापासून होती: दोरिव्हालच्या खांद्यावरून पलीकडे, वाटेच्या वळणावर, जिथे ओसरीवरचा तो परका माणूस झाडाआडून बाहेर येऊन आपली नवीकोरी बंदूक सावकाश खांद्याला लावत होता.