चव बघणारी

बिस्किटांच्या कारखान्यात प्रत्येक घाण्याची चव हेमलता बघायची. तापातून उठल्यापासून तिला ना वास येत होता, ना चव. तीन आठवडे तिने कुणाला कळू दिलं नाही. घरी तर सांगायला कुणी नव्हतंच.

आज तिने चॉकलेट बिस्किटाचा तुकडा चावून "छान" म्हटलं. भट्टीवरच्या रझियाने त्याच घाण्यातला तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला.

"ताई, करपलंय हे! कडू लागलं नाही तुम्हाला?"

हेमलताने स्वतःच जाऊन साहेबांना खरं सांगितलं. बावीस वर्षांचं काम सुटलं. उद्यापासून पॅकिंग.

परतीच्या बसमध्ये शेजारची अनोळखी बाई हसून म्हणाली, "तुमच्या साडीला चॉकलेटचा किती छान वास येतोय!"

"हो का?" हेमलता म्हणाली.

बाई उतरून गेल्यावर तिने पदर नाकाशी धरला, आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.