खोटवाला रणगाडा

“सरळ म्हणून चालत नाही नालायक! अब्दुल्लानं चांगला टँक स्वतःला ठेवला आणि खोटवाला माझ्या गळ्यात मारला,” नंदकुमार स्वतःशीच पुटपुटले.

पावणे एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यातून दोघं मित्र रिटायर झाले आणि हौसेनं रिमोटवर चालणारे दोन रणगाडे घेतले. जोडी अब्दुल्लानंच पसंत करून आणलेली. आता रोज संध्याकाळी कामोठ्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर खडूची रेघ ओढून शर्यत लागायची. अब्दुल्लाचा रणगाडा शहाण्यासारखा रेघ धरून जायचा, नंदकुमारांचा मात्र दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायचा.

“गिअर खराब लागलाय रे, नंदू. माझीच चूक, बघून घ्यायला पायजे होता,” अब्दुल्ला दर वेळी म्हणायचा. दुरुस्तीला म्हणून घरी न्यायचा आणि होता तसाच परत आणायचा.

आज नंदकुमारांचं डोकं फिरलं. इतकी वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस असा फसवतो?

“आण तुझा रिमोट इकडे. आज सोक्षमोक्षच लावतो!”

अब्दुल्ला “नको रे, राहू दे” म्हणत असतानाच त्यांनी रिमोट हिसकावला. अब्दुल्लाचा तो शहाणा रणगाडा दोन झोकांड्या खाऊन कठड्यावर आदळला.

“माझाही गिअर गेला वाटतं,” अब्दुल्ला खाली बघत म्हणाला.

चहा घेऊन आलेल्या नंदकुमारांच्या बायकोनं, स्मितानं, ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.



“अहो, दोन्ही टँक चांगले आहेत. हात थरथरतो तुमचा.”