वीसच्या खाली

सिस्टर फिलोमिनांनी यशोदाबाई मोहित्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला आणि यंत्रात घातला. "घाबरलात का?"

"वीस हजार माणसांपुढं कुस्त्यांचं निवेदन करते मी. ह्या डबीला काय घाबरायचं?" यशोदाबाई म्हणाल्या खऱ्या, पण हात गळ्याकडं गेलाच.

थायरॉइडमध्ये कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा सर्जनांनी ऑपरेशन सुचवलं होतं. आवाजाची हमी मात्र त्यांनी दिली नाही. म्हणून बाईंनी आरोग्य केंद्रातली नवी इंजेक्शनं निवडली. पेशींना भडकवणारा मायक्रोआरएनए नावाचा एक बारीक रेणू त्या इंजेक्शनांनी गप्प बसायचा आणि पेशी ताळ्यावर यायच्या. रक्तातला त्याचा आकडा सहा आठवड्यांत वीसच्या खाली आला नाही, तर सोमवारी ऑपरेशन ठरलेलं होतं. गेल्या आठवड्यात तो एकतीस होता.

यंत्र वाजलं. सिस्टरनी आकडा दोनदा वाचला.

"चौदा! सोमवारचं ऑपरेशन रद्द, बाई."

यशोदाबाईंनी डोळे पुसले आणि पदर खोचला. "चार वाजता पलूसला मैदान आहे. जाऊ ना?"

"जा. पण जरा बेतानं बोला."

"कुस्ती कुणी बेतानं सांगतं होय?" बाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, की बाहेर रांगेत बसलेली माणसं हसली.