कपाळावरची पट्टी

खो-खोचा अंतिम सामना रंगात आला होता, तरी मैदानावर कुणीच ओरडत नव्हतं. पायऱ्यांवर पालक कपाळाला पट्टी लावून, डोळे मिटून बसले होते आणि त्यांची मुलं न चुकता पळत होती. सुनेत्राने मनात डावीकडे हूल दिली की मैदानात तिची दहा वर्षांची मृण्मयी तशीच हूल देई.

अचानक सुनेत्राच्या गुडघ्यात कळ उठली. तिने डोळे उघडले. मृण्मयी खांबावर आपटली होती. गुडघ्यातून रक्त येत होतं, पण चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती पळतच होती.

सुनेत्राने पट्टी ओरबाडून काढली.

“ताई, काढू नका,” शेजारचे गृहस्थ मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. “पोरं थांबतात.”

मृण्मयी खरोखरच थांबली. मागच्या मुलीने तिला बाद केलं, तरी ती जागची हलली नाही. सुनेत्रा धावत मैदानात गेली आणि तिने लेकीला कवटाळलं.

“खूप लागलं ना, बाळा? रड, बस, घरी चल. मनाला येईल ते कर.”

मृण्मयीने तिच्याकडे पाहिलं.

“कुणाच्या मनाला, आई?”