हाताचा गुण

"आता गप," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पाला तोडून खाली येस्तोवर एक शब्द बोलायचा न्हाई."

पौर्णिमा गप्प झाली. एरवी तिला गप्प बसवणं महाकठीण. अंबाजोगाईच्या कॉलेजात वनस्पतींवर पीएच.डी. करणारी ही पोर झाडाशीसुद्धा गप्पा मारील अशी! पण बालाघाटाच्या या डोंगरावर, सकाळच्या धुक्यात, बाईंच्या मागून चालताना तिला बोलावंसंच वाटेना. भाद्रपदातलं गवत कमरेएवढं, त्यावर पिवळी फुलपाखरं, आणि पुढे बाईंचं हिरवं लुगडं गवतात मिसळत चाललेलं. आपण चाललोय की अजून अंथरुणातच आहोत, हेही तिला नीटसं कळत नव्हतं.

तीन वर्षांत तिनं जिल्ह्यातली एकेचाळीस औषधं वहीत उतरवली होती. बेचाळिसावं अडलं होतं, मनकर्णाबाईंचं काविळीचं. आष्टीपासून गेवराईपर्यंतची माणसं त्यासाठी यायची. त्यात भुईआवळी असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जोडीला मूळ कुठलं, ते बाई सांगत नव्हत्या. सासूनं ते त्यांच्या कानात सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, दुसऱ्यासमोर नाव काढलंस की त्या घडीला हाताचा गुण गेला.

पौर्णिमाची ही आठवी खेप. तिनं बिस्किटं आणली, बाईंचे पाय चेपले, पुस्तकात नाव छापायचं कबूल केलं. दगडाला पाझर फुटला असता, पण बाई ढिम्म. आजही मूळ उपटताना त्या पाठमोऱ्या झाल्या आणि पदराखाली धरूनच ते घरी आणलं.

अंगणात लिंबाखाली बाजेवर त्यांचे मालक नाथाकाका घोंगडी पांघरून ऊन खात बसले होते.

"आली का चोरीण?" ते हसले. "पोरी, तू लई गोड हायस. पण आमच्या मनीला फितवू नको. असा हात जिल्ह्यात न्हाई. डॉक्टरलोक बी गुपचूप येऊन औषध नेत्यात, इचार तिला!"

"तुमची कावीळ उतरली का काका?" पौर्णिमानं विचारलं. त्यांच्या डोळ्यांत अजून हळद होती.

"उतरंल की! दोनच तर म्हैने झाले. आमची लेक संगीता रोज फोनवर बोंबलती, दवाखान्यात चला म्हणून. म्हणलं, तुझ्या मायनं हजार माणसं उठवली, मी काय सावत्र हाय का? घरात अमृत असताना दवाखाना कशापायी?"

बाईंनी आत जाऊन औषध वाटलं आणि त्यांच्या हातात पेला दिला. काकांनी तो एका दमात रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

दुपार सुस्त होती. वाळत घातलेल्या पाल्याचा कडवट गोड वास अंगणभर पसरला होता. कुठेतरी होला घुमत होता. काका घोरत होते, आणि भिंतीला टेकलेल्या पौर्णिमाचेही डोळे जड झाले होते.

"लिही," आवाज आला.

तिला वाटलं स्वप्नच. डोळे उघडून बघते तर बाई समोर उभ्या.

"मूळ सांगते. लिही."

पौर्णिमाची झोप कुठल्या कुठे पळाली. तिनं बाजेकडे बघितलं. "हळू सांगा मावशी. काका उठले तर रागावतील."

"उठव त्येंला."

"अहो, कशाला?"

"त्येंच्या म्होरंच सांगणार. मी काय चोरी केली?"

पौर्णिमाला राहवेना. "आणि हाताचा गुण?"

बाईंनी आपल्या हिरव्या पडलेल्या बोटांकडे बघितलं. "तू मानतीस का त्ये?"

"नाही."

"मग लिही."

आठ खेपा फळाला आल्या! आपल्या गोड बोलण्यानं म्हातारी विरघळली, या आनंदात पौर्णिमानं काकांना हलवून जागं केलं. बाई बाजेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि पोराला पाढा शिकवावा तशा ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "घेटुळी. बांधाच्या कडंला लाल देठाची पसरती, तीच. ऊन यायच्या आत तिचं मूळ काढायचं आन ताकात वाटायचं."

आधी काकांना कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही कानांवर हात दाबले.

"मने, गप! अगं गप!"

बाईंनी सगळं पुन्हा एकदा सांगितलं.

"घालिवला!" काका रडायलाच लागले. "चाळीस वर्साचा गुण घालिवला एका पोरीपायी! आता कोण येईल आपल्या दारात?"

पौर्णिमाचं पेन थांबलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असल्या गोष्टी ती मानत नव्हती. पण म्हाताऱ्याचं भरल्या घरातलं काहीतरी आपण उचलून नेतोय, असं तिला मनापासून वाटलं.

"मावशी, मी पान फाडते."

"फाडून काय व्हतंय? तोंडातनं गेलं ते गेलं."

उन्हं कलली. औषधाची वेळ झाली. मनकर्णाबाईंनी रोजच्यासारखं मूळ वाटलं, ताक घातलं, आणि भरला पेला नवऱ्यापुढे धरला. पौर्णिमानं मान खाली घातली.

काकांनी पेल्याकडे बघितलं, मग बायकोकडे. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तोंड फिरवलं.

"न्हाई घेत," ते म्हणाले. "त्यात आता काय ऱ्हायलंय?"

बाईंनी डोळे मिटले आणि किती दिवसांचा कोंडलेला श्वास सोडला. पेला खाली ठेवून त्यांनी काकांच्या काखेत हात घातला.

"मग उठा," त्या म्हणाल्या. "धोतर बदला. दवाखान्यात जायचंय."