वापरकर्त्याचं आवडतं फळ

माणसाला प्रश्न विचारणं हा यंत्राने केलेला त्याचा सर्वोच्च सन्मान होय, असं प्रात्यक्षिकाच्या वहीवर छापलं होतं. प्रत्यक्षात गेल्या तीस वर्षांत एकाही यंत्राने कोणाला काही विचारलं नव्हतं. त्यांना सगळं आधीच ठाऊक असायचं.

त्यामुळे पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तनुजा घोलवेच्या प्रोग्रॅमने 'तुमचं आवडतं फळ कोणतं?' असं विचारलं, तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक बोधनकर सर खुर्चीत ताठ झाले. नियमाप्रमाणे त्यांनी उत्तरं सुचवणारं कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. उत्तर त्यांनी स्वतः टाइप करायचं होतं, आणि घंटेच्या आत प्रोग्रॅम पूर्ण झाला नाही तर तनुजा तिसऱ्यांदा नापास होणार होती.

"यातलं बरोबर उत्तर काय?" सरांनी हळूच विचारलं.

"बरोबर असं काही नसतं, सर. तुम्हाला आवडतं ते लिहा."

"ते घरातलं यंत्र बघतं गं. येईल ते आम्ही खातो."

"सर, चारच मिनिटं उरलीत. काहीही लिहा. केळं लिहा."

"आणि केळं आवडत नसलं तर? खाली सही माझी आहे."

शेवटच्या मिनिटाला सरांनी एका बोटाने टाइप केलं: घरी विचारून कळवतो.

पडद्यावर उमटलं, 'वा, मलाही घरी विचारून कळवतो फार आवडतं.' आणि प्रोग्रॅम संपला.

तनुजा पास झाली. आलेलं उत्तर तपासून घेणं दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात होतं.