वर कोण आहे?

टेहळणीचं जुनं विमान मोडीत निघालं होतं आणि नवं यायला अजून वर्ष होतं. तोवर सरहद्दीवर लांबून नजर ठेवायला आकाशात कुणीच नव्हतं. हे घरातसुद्धा बोलायचं नाही, अशी थोरल्या भावाला वरिष्ठांची ताकीद होती. त्या विमानात रडारपुढे बसूनच त्याचे केस पिकले होते. आता तो संध्याकाळी बायकोला मटार सोलून देत होता. नवरा घरी सापडला म्हणून बायको खुशीत होती आणि तिची खुशी बघून त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. तो सरहद्दीवरच्या एका चौकीचा प्रमुख होता.

“दादा, या वेळेला घरी? वहिनीनं बांधून ठेवलं की काय?”

“रजा टाकलीय.”

“मग आमच्यावर नजर कुणाची?”

थोरल्याच्या हातातली शेंग हातातच राहिली. “दुसरे आहेत ना वर. माझ्यावाचून काय अडतंय?”

“सुटलो बाबा. इथे कुणीतरी उठवलंय की वर आता कुणीच नसतं. तेव्हापासून पोरांच्या डोळ्याला डोळा नाही.”

“तरी सावध राहा रे,” थोरला घाईघाईनं म्हणाला.

पण धाकट्यानं फोन कानापासून लांब नेला होता. त्यानं आपल्या जवानांना मारलेली हाक थोरल्याला स्पष्ट ऐकू आली.

“आज बूट काढून झोपा रे सगळे. वर आपली माणसं आहेत, दादानं सांगितलंय.”